मुलांच्या दातांना तार लावण्याआधी

(मंडळाच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात मुकुटबन येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मला भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी मुलांच्या दातांचा विषय सांगितला. एकदोघे हसले. शिक्षण, नोकरी, स्पर्धा परीक्षा हे विषय सोडून गुरुजी दातांवर काय बोलणार, असे त्यांना वाटले असावे. परंतु गेल्या वर्षभरात आपल्याच वस्तीतील पाच-सहा पालक माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन आले. मुलाचे किंवा मुलीचे दात पुढे आहेत, वाकडे आहेत. तार लावावी की लावू नये? पैसा लागतो, वेळ लागतो, सांगणारे मात्र दहा तोंडांनी सांगतात. म्हणून हा विषय चारचौघांत बोलला जावा, असे मला वाटले.

मी डॉक्टर नाही. मी शाळामास्तर आहे. परंतु हा निर्णय मी माझ्या घरात दोनदा घेतला. एकदा तो चुकला आणि एकदा साधला. चुकलेल्या निर्णयाची किंमत माझ्या मुलाने दिली. ती गोष्ट आधी सांगतो.

२०१६ साली माझा मुलगा बारा वर्षांचा होता. दातांवर दात चढलेले होते. शाळेत मुले त्याला ‘फावड्या’ म्हणत. एका नातेवाइकाने एक दवाखाना सुचवला. आम्ही गेलो, तपासणी झाली, जागा करण्यासाठी चार उपदाढा काढाव्या लागतील असे सांगितले गेले, आणि आम्ही ‘हो’ म्हणून मोकळे झालो. किती महिने लागतील, किती खेपा होतील, एकूण पैसा किती, हे आम्ही विचारलेच नाही. मुलाला तर कोणी काहीच विचारले नाही. चार दात काढले, तार लागली. पहिले वर्ष कसेबसे पार पडले.

मग २०१७ चा खरीप आला. त्या वर्षी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर गुलाबी बोंडअळीने काय केले, ते इथे बसलेल्या शेतकऱ्यांना सांगण्याची गरज नाही. माझा पगार होता, पण घरची शेती, भावाचे कर्ज आणि आईचे दुखणे एकाच वेळी अंगावर आले. दवाखान्याची एक खेप चुकली, मग दुसरी, मग जाणेच थांबले. तार मात्र तोंडात तशीच राहिली. एकेक ब्रॅकेट निखळू लागले, तारेचे टोक गालात रुतू लागले, तारेभोवती अन्न अडकून हिरड्या सुजल्या. आठ-नऊ महिन्यांनी आम्ही ती तार काढून टाकली. तेव्हा दात अर्धवट सरकलेले होते, काढलेल्या उपदाढांच्या फटी उघड्या होत्या आणि दातांवर पांढरे डाग पडले होते. आधी दात फक्त वाकडे होते. आम्ही ते विरळ आणि डागाळलेले करून ठेवले. यात दोष दवाखान्याचा नव्हता. दोष आमचा होता. शेवट न पाहता आम्ही सुरुवात केली होती.

मित्रहो, आज मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे. तार लावावी की नाही, हा प्रश्न निव्वळ दात वाकडे आहेत की सरळ, एवढ्यावर सुटत नाही. उपचाराची खरी गरज आहे काय, वेळ योग्य आहे काय, मुलाची स्वतःची तयारी आहे काय, आणि हे काम आपण शेवटापर्यंत नेऊ शकतो काय, या चार प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली पाहिजेत.

पहिला प्रश्न गरजेचा. प्रत्येक वाकडा दात हा आजार नव्हे. थोडी फट, थोडा तिरपा दात घेऊन माणसे आयुष्यभर उत्तम जेवतात, बोलतात आणि हसतात. इंग्लंडमध्ये १९८९ साली यासाठी पाच पायऱ्यांची एक मोजपट्टी तयार झाली. पहिल्या दोन पायऱ्यांत उपचाराची गरज नाही किंवा अगदी थोडी आहे असे मानतात. चौथ्या आणि पाचव्या पायरीवरील अठरा वर्षांखालील मुलांना तेथे सरकारी खर्चाने उपचार मिळतात. तिसऱ्या पायरीवर दिसण्यातील दोष बराच असेल तरच मिळतात. उदाहरण सांगतो. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे असणे स्वाभाविक आहे. हे अंतर सहा मिलिमीटरांहून जास्त झाले की ती चौथी पायरी होते. सुळा हाडात अडकून बाहेरच न येणे, ओठ-टाळू दुभंगलेला असणे, या गोष्टी पाचव्या पायरीत येतात. आपल्याकडे अशी सरकारी व्यवस्था नाही, परंतु विचार करण्याची ही रीत आपण घ्यावयास हरकत नाही.

तर पालकांनी काय पाहावे? मुलाला ओठ सहज मिटता येतात काय? वरचे दात इतके पुढे आहेत काय की पडल्यावर पहिला मार त्यांनाच बसेल? खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात काय? तोंड मिटताना जबडा एका बाजूला सरकतो काय? खालचे दात टाळूला टोचतात काय? एका बाजूचा दात आला आणि दुसऱ्या बाजूचा सहा महिने उलटूनही आला नाही, असे झाले काय? यांपैकी काही आढळले तर तज्ज्ञांना दाखवावे. आणि यांपैकी काहीच नाही, पण मूल दातांमुळे हसायचे, बोलायचे टाळते, तर तेही कारणच आहे. मुलाच्या मनाचा त्रास खोटा समजू नये. मात्र ‘पुढे मुलीचे लग्न जमायला सोपे जाईल’ हे कारण माझ्या मते कारणच नव्हे. मुलीचे दात पाहुण्यांसाठी सरळ करावयाचे नसतात.

दुसरा प्रश्न वेळेचा. दुधाचे दात वीस असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते आणि पुढचे दात पडून नवे येऊ लागतात. वरचे सुळे साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतात. मधल्या काळात, म्हणजे आठ ते अकरा या वयात, वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट दिसते, दात पसरलेले वाटतात. अनेक आया तेव्हा घाबरून जातात. पण बहुतेक मुलांत सुळे खाली उतरले की ही फट आपोआप मिटते किंवा कमी होते. तेव्हा थोडा धीर धरावा.

धीर धरणे म्हणजे दुर्लक्ष करणे मात्र नव्हे. अमेरिकेतील या शाखेच्या तज्ज्ञांची संघटना सांगते की सातव्या वर्षापर्यंत मुलाची एक तपासणी व्हावी. तपासणी म्हणजे तार नव्हे. बहुतेकांना ‘वाट पाहा’ एवढेच सांगितले जाते. परंतु काही गोष्टी वेळेवरच कराव्या लागतात. वरचा पुढचा दात खालच्या दाताच्या मागे अडकला असेल, तर तो लवकर सोडवलेला बरा. चार वर्षांनंतरही मूल अंगठा चोखत असेल किंवा नेहमी तोंडाने श्वास घेत असेल, तर त्याचे कारण शोधले पाहिजे. नाक-घशाच्या डॉक्टरांकडेही जावे लागेल. आणि दुधाची दाढ किडून लवकर काढावी लागली, तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा खाते. ‘दुधाचाच दात आहे, पडणारच आहे’ असे आपण म्हणतो, ते येथे महागात पडते. त्या जागेवर एक छोटी पट्टी बसवून जागा राखता येते. पुढच्या मोठ्या खर्चापेक्षा तो खर्च कितीतरी कमी असतो.

मग दात पुढे असले तर सात-आठ वर्षांच्या मुलालाच उपचार सुरू करावा काय? याविषयी कॉक्रेन या संस्थेने निरनिराळ्या देशांतील प्रयोग एकत्र तपासून २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये निष्कर्ष मांडला. लवकर सुरू केलेल्या उपचाराने पुढच्या दातांना मार लागण्याचे प्रमाण कमी होते. पण बाकी परिणाम पाहिला तर किशोरवयात एकदाच केलेला उपचार तितकाच चांगला ठरतो. म्हणजे बहुतेकांना घाई नाही. मात्र खालचा जबडाच लहान असेल तर वाढीच्या वयाचा उपयोग करून घेता येतो, आणि ते वय मुलींमध्ये मुलांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी येते, हे ध्यानात ठेवावे.

तिसरा प्रश्न मुलाच्या तयारीचा. यासाठी दात सरकतो कसा, हे समजून घेतले पाहिजे. दात हाडात सिमेंटने बसवलेला नसतो. तो बारीक तंतूंनी हाडाच्या खोबणीत धरलेला असतो. तारेने त्यावर हलका पण सततचा दाब दिला की दाबाच्या बाजूचे हाड हळूहळू विरते आणि मागच्या बाजूला नवे हाड तयार होते. हे काम महिन्याला साधारण एक मिलिमीटर या गतीने चालते. जोर वाढवला म्हणून दात लवकर सरकत नाही; उलट मुळांना इजा होते. म्हणून दीड-दोन वर्षे लागतात. तार काढल्यावर दात पुन्हा जुन्या जागी जाऊ पाहतो, म्हणून ‘रिटेनर’ नावाची पट्टी पुढे कितीतरी काळ वापरावी लागते. एवढे सगळे मुलाने सोसावयाचे आहे. प्रत्येक जेवणानंतर दात घासणे, ऊस, फुटाणे, चिक्की दाताने न फोडणे, पेरू चिरून खाणे हे त्यालाच करावयाचे आहे. आणि खर्रा, सुपारी, तंबाखू यांच्या वाटेला जाणाऱ्याने तर तारेचा विचारच करू नये. विद्यार्थी मित्रांनो, हे तुम्हाला सांगतो आहे, रागावू नका.

आता माझ्या मुलीची गोष्ट सांगतो. मुलगी मुलापेक्षा सहा वर्षांनी लहान. तिचे वरचे दात फारच पुढे होते. वक्तृत्व स्पर्धेत ती चांगली बोलायची, पण बोलताना हात तोंडाकडे जायचा. माझी आई म्हणायची, “पोरीच्या तोंडात लोखंड कायले घालता? एकाचं केलं ते पुरे नाही झालं काय?” आईचे म्हणणे खोटे नव्हते. मीसुद्धा भ्यालो होतो. दोन वर्षे आम्ही विषयच काढला नाही. मग कोरोना आला, त्यानंतर ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ असा एस.टी.चा संप चालला. तो मिटल्यावर, त्या उन्हाळ्यात, आम्ही तिला नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेले. १९६८ साली सुरू झालेले हे महाविद्यालय विदर्भातील गरीब माणसाचा मोठा आधार आहे. वर्ध्याजवळ सावंगी मेघे येथेही १९९१ पासून दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी दात सरळ करणारा स्वतंत्र विभाग असतो. पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर आपल्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. शासकीय महाविद्यालयात खर्च खासगीच्या मानाने बराच कमी येतो. गर्दी आणि वाट पाहणे मात्र जास्त.

तेथील डॉक्टरबाईंनी मला बाजूला बसवले आणि मुलीला विचारले, “तुला काय त्रास होतो?” मुलगी म्हणाली, “ओठ मिटत नाहीत. झोपेत तोंड उघडं राहतं, सकाळी घसा कोरडा पडतो. आणि हसताना हात वर जातो, मला तो न्यायचा नसतो.” मी तिचा बाप, पण हे मला तेव्हाच कळले. मग त्यांनी तिला विचारले, “दोन वर्षे दर महिन्याला यावं लागेल. येशील?” मुलीने लगेच हो म्हटले नाही. “घरी जाऊन सांगते” म्हणाली. त्या उत्तरावर मला पहिल्यांदा विश्वास वाटला.

त्या रात्री घरी आम्ही वही काढली. मुकुटबनहून वणी, वरोरा, जाम असे नागपूर. एका बाजूने दीडशे किलोमीटरांहून जास्तच. महिन्याला एक खेप म्हणजे दोन वर्षांत चोवीस खेपा. दोघांचे तिकीट, एका दिवसाचे जेवण, माझी किंवा तिच्या आईची रजा, तिची बुडणारी शाळा. त्यात महाविद्यालयाचे शुल्क, एक्स-रे, माप, शेवटचा रिटेनर. सगळे जोडून जी रक्कम आली, तेवढी आम्ही आधी पोस्टात बाजूला टाकली आणि मगच सुरुवात केली. पुढे १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा मायलेकींच्या प्रवासाचा भार आणखी हलका झाला.

या हिशेबाच्या वेळी मुलगा शेजारीच बसला होता. मी त्याला म्हणालो, “तुझंही पुन्हा दाखवू या.” तो म्हणाला, “बाबा, माझं मी कमावल्यावर पाहीन. हिचं मात्र मधेच सोडू नका.” बंधू-भगिनींनो, त्या एका वाक्याने त्या चोवीस खेपा पार पडल्या. पावसात, परीक्षेत, कापूस वेचणीच्या दिवसांतही आम्ही खेप चुकवली नाही.

चौथा प्रश्न, शेवटापर्यंत नेण्याचा, तो हाच. त्यासाठी डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न मी आज लिहून आणले आहेत. उपचार केला नाही तर काय होईल? आता केला नाही आणि दोन वर्षांनी केला तर काय बिघडेल? किती महिने, किती खेपा? ब्रॅकेट निघाले तर वेगळे पैसे पडतात काय? रिटेनर यात धरला आहे काय? शिकणाऱ्या डॉक्टरांचे शिक्षण संपून ते गेले, तर पुढे कोण पाहणार? उपचार करणारे डॉक्टर या शाखेतील एम.डी.एस. आहेत काय? प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. चांगला डॉक्टर प्रश्नांनी रागावत नाही.

चांगले दात काढावयाचे काय, हाही प्रश्न येतो. हा वाद जुना आहे. या शास्त्राचा पाया घालणारे अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली दातांच्या ठेवणीचे वर्गीकरण केले. जागेसाठी दात काढू नयेत, असे त्यांचे मत होते. पुढे त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना काही रुग्णांत दात न काढता केलेले काम टिकत नाही असे दिसले आणि त्यांनी गुरूच्या मताविरुद्ध जाऊन दात काढून उपचार केले. आज जबड्यात जागा किती आणि दात किती, हे मोजून ठरवतात. तेव्हा ‘दात काढा’ म्हटले म्हणून भिऊ नये आणि न विचारता काढूही देऊ नये. मोजमाप दाखवा, असे म्हणावे. काढलेला कायमचा दात पुन्हा येत नाही, म्हणून उपचार पुरा होण्याची खात्री पटल्याशिवाय ती पायरी ओलांडू नये. माझ्या मुलाच्या तोंडातील त्या फटी मला हेच सांगतात.

आपल्या भागाची एक गोष्ट वेगळी आहे. यवतमाळ जिल्ह्यातील अनेक गावांत हातपंपाच्या, विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळले आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तरी दीडच्या वर जाऊ नये, असे मानक आहे. लहानपणी असे पाणी पोटात गेले की कायमच्या दातांवर पांढरे, पिवळे, तपकिरी पट्टे येतात. हे पट्टे तारेने जात नाहीत. शिवाय अशा दातांवर ब्रॅकेट नीट चिकटत नाही, वारंवार निघते. म्हणून डॉक्टरांना आपले गाव आणि आपले पाणी आधीच सांगावे, सुरुवातीचे फोटो काढून ठेवावेत. आणि धाकट्या मुलांसाठी पाण्याची तपासणी करून घेणे, हे तर तारेपेक्षाही आधीचे काम आहे.

शाळा आणि अंगणवाड्यांत २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके येतात. ती मुलांचे दातही पाहतात. त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका. दुभंगलेला ओठ किंवा टाळू असलेले मूल असेल तर एक दिवसही न दवडता त्यांच्याकडे नोंद करा. अशा मुलांसाठी दातांचा उपचार हा शोभेचा नव्हे, खाण्या-बोलण्याचा प्रश्न असतो.

मित्रहो, माझ्या मुलीची तार २०२४ साली निघाली. ओठ मिटतात. रात्री ती न चुकता रिटेनर लावते. विसरली तर भाऊ आठवण करून देतो. तिचे दात सिनेमातल्यासारखे झाले काय, तर नाही. एक दात अजून किंचित तिरपा आहे. डॉक्टरबाईंनी तो नीट करू का विचारले, तर ती म्हणाली, “राहू द्या, याचा मला काही त्रास नाही.” कोणता उपचार घ्यावयाचा आणि कोणता नाही, हे माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला कळले. माझ्या मुलाच्या वेळी ते मला कळले नव्हते.

तेव्हा पालकांना माझी विनंती आहे. ऐपत नसेल, खेपा जमणार नसतील, मुलाची इच्छा नसेल, तर आज थांबा. थांबण्यात लाज नाही; दात सरळ करणे मोठेपणीही होते. मात्र सुरू केले तर सोडू नका. आणि आपल्या वस्तीत एखाद्या मुलाची खेप पैशावाचून चुकत असेल, तर त्या महिन्याचे तिकीट आपण चार जणांनी काढावे. शंभर-दोनशे रुपयांसाठी दोन वर्षांचे काम वाया जाऊ नये. मंडळाने यासाठी एक छोटी पेटी ठेवली, तर पहिले तिकीट माझ्याकडून धरावे.

 जयभीम.